दुकान, गोदाम, कारखाना : सुरक्षा कॅमेरे उपयोगी पडावेत म्हणून काय करावे

नागपुरात इतवारीपासून बुटीबोरीपर्यंत कोणत्याही व्यावसायिकाला कॅमेरे बसवले आहेत का असे विचारले, तर बहुतेकदा होकार मिळतो. परवा दुपारी गल्ल्यासमोर वाद घालणाऱ्या गिऱ्हाइकाने शंभराची नोट दिली होती की पाचशेची, हे त्या कॅमेऱ्यात पाहून सांगता येईल का, असे विचारले की मात्र उत्तर अडखळते. कॅमेरा असणे वेगळे आणि गरजेच्या दिवशी त्यातून उत्तर मिळणे वेगळे. खरा फायदा या उत्तराचा असतो आणि तो कॅमेऱ्याच्या किमतीवर फारसा अवलंबून नसतो. कॅमेरा कोठे आणि कशासाठी बसवला, रेकॉर्डिंग किती दिवस टिकते, रेकॉर्डरचे घड्याळ बरोबर आहे का आणि प्रसंग आल्यास ते चित्रण पुरावा म्हणून टिकेल का, यांवर तो ठरतो. नागपुरातील लहान आणि मध्यम व्यावसायिकांना डोळ्यांसमोर ठेवून याच गोष्टी येथे क्रमाने मांडल्या आहेत.

कॅमेऱ्याकडून काय अपेक्षा ठेवावी

कॅमेरा चोराला हात धरून थांबवत नाही, हे आधी स्वीकारावे. वेगवेगळ्या देशांतील चाळीस वर्षांच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कॅमेरे असलेल्या भागांत गुन्ह्यांमध्ये सुमारे १३ टक्के घट आढळली. सर्वांत स्पष्ट परिणाम वाहनतळांवर दिसला. जेथे कोणीतरी प्रत्यक्ष लक्ष ठेवून होते आणि कॅमेऱ्याच्या जोडीला इतर उपायही होते, तेथे तो अधिक होता. याचा व्यवहारातला अर्थ असा की शटरचे मजबूत कुलूप, मागच्या दारावरचा दिवा, रात्रीचा चौकीदार आणि गल्ल्यात रात्रभर रोकड न ठेवण्याची सवय यांना कॅमेरा पर्याय ठरत नाही. तो त्यांना जोड देतो.

चोरीपेक्षा रोजच्या व्यवहारात त्याचा उपयोग अधिक वेळा होतो, असे माझे ठाम मत आहे. कळमना बाजारात गाडीत संत्र्यांचे कॅरेट किती चढले यावरून अडत्या, वाहतूकदार आणि खरेदीदार यांच्यात मतभेद झाले, तर गाडीच्या मागच्या फळक्यावर रोखलेला एक कॅमेरा तो वाद काही मिनिटांत मिटवतो. प्रत्येक कॅरेट हमालाच्या खांद्यावरून त्या चौकटीतून जातो आणि पडद्यावर तो मोजता येतो. गांधीबागेतील कापडाच्या दुकानात ताग्यांचा ढीग उलगडला जात असताना एखादा तागा बाजूला सरकला, तर विक्रेत्याचे लक्ष नसले तरी चित्रणात ते दिसते. इतवारीच्या सराफ्यात गिऱ्हाइकासमोर ठेवलेल्या ट्रेमध्ये किती नग होते आणि ट्रे परत उचलताना किती राहिले, हे पाहता येते. वाडीच्या गोदामात पोत्यांच्या थप्पीतून रात्री धूर निघू लागला, तर मोबाइलवर गोदाम पाहू शकणारा मालक किमान अग्निशमन दलाला वेळेवर कळवू शकतो.

एक फायदा क्वचितच बोलला जातो, म्हणून तो आवर्जून नोंदवतो. गल्ल्यात रक्कम कमी भरली की संशयाची सुई पहिल्यांदा नोकराकडे वळते. प्रत्यक्षात अनेकदा मोजणीत चूक झालेली असते, एखादी उधारी लिहायची राहिलेली असते किंवा सुटे पैसे जास्त दिले गेलेले असतात. गल्ल्यावर नीट बसवलेला कॅमेरा प्रामाणिक माणसावरचा आळ दूर करतो आणि वर्षानुवर्षे काम करणाऱ्या माणसाशी असलेला संबंध तुटण्यापासून वाचवतो. रात्री उशिरापर्यंत थांबणाऱ्या महिला कर्मचाऱ्यांनाही प्रवेशद्वार आणि वाहनतळ यांवरील चालू कॅमेऱ्याचा आधार वाटतो. तो आधार खरा ठरावा, ही जबाबदारी मालकाची आहे.

खरेदीआधी कागदावर आराखडा

विक्रेत्याकडे जाऊन "आठ कॅमेऱ्यांचा सेट द्या" असे सांगण्याआधी दुकानाचा किंवा गोदामाचा साधा आराखडा कागदावर काढावा. दारे, खिडक्या, गल्ला, माल ठेवण्याची जागा, जिना आणि मीटरची जागा त्यात दाखवावी. मग प्रत्येक संभाव्य कॅमेऱ्यापुढे एकच प्रश्न लिहावा. आत येणाऱ्याचा चेहरा ओळखता आला पाहिजे का? नोटांची देवाणघेवाण दिसली पाहिजे का? केवळ कोणी वावरत आहे एवढे कळले तरी पुरे आहे का? जो कॅमेरा एकाच वेळी या तिन्ही प्रश्नांची उत्तरे देईल अशी आशा असते, तो बहुधा एकाचेही देत नाही. अनेक दुकानांत कोपऱ्यात छताला लावलेला एकमेव कॅमेरा संपूर्ण दुकान दाखवतो, पण त्यात प्रत्येक माणूस अंगठ्याएवढा दिसतो.

चेहरा ओळखण्यासाठी किती अंतर चालते, याचा हिशेब करता येतो. आयईसी ६२६७६-४ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१४ च्या आवृत्तीनुसार अनोळखी व्यक्तीची खात्रीने ओळख पटण्यासाठी दृश्याच्या प्रत्येक मीटर रुंदीला सुमारे २५० पिक्सेल लागतात. आधीपासून परिचित असलेली व्यक्ती ओळखण्यासाठी १२५ पुरतात. दोन मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचे चित्र १९२० पिक्सेल रुंद असते. म्हणजे साडेसात मीटरपेक्षा रुंद दृश्य घेतले की खात्रीची ओळख हातातून निसटते. बाजारात सर्वाधिक खपणारी २.८ मिलिमीटरची लेन्स फार रुंद पाहते, त्यामुळे तिच्याकडून चेहऱ्याची ओळख जेमतेम तीन मीटरपर्यंत मिळते. ६ मिलिमीटरची लेन्स अरुंद पाहते, पण आठ मीटरपर्यंत तेच काम करते. म्हणून गल्ल्यासाठी आणि लहान खोलीसाठी २.८, तर गोदामाच्या लांब मार्गिकेसाठी किंवा फाटकासाठी ६ किंवा त्याहून मोठी लेन्स, अशी निवड बहुधा योग्य ठरते. मेगापिक्सेलचा आकडा वाढवल्याने अंतर काही प्रमाणात वाढते, परंतु अंधारात लहान सेन्सरचा मोठा आकडा फारसा कामी येत नाही.

बसवण्याची उंची हा असाच दुर्लक्षित विषय आहे. बारा फुटांवरच्या छतातून खाली पाहणाऱ्या कॅमेऱ्याला टोप्या आणि डोक्यावरचे केसच दिसतात. चेहरा हवा असेल तर प्रवेशद्वारासमोरचा कॅमेरा सात ते आठ फुटांवर असावा आणि त्याचा रोख आत येणाऱ्या माणसाच्या समोरून असावा. नागपुरात आणखी एक अडचण आहे. एप्रिल-मे महिन्यांत उन्हापासून बचाव म्हणून स्त्री-पुरुष सर्वच दुपट्ट्याने किंवा रुमालाने चेहरा गुंडाळून बाहेर पडतात आणि दारातून आत येणाऱ्याचे केवळ डोळे दिसतात. त्यात गैर काहीच नाही, त्यामुळे कोणाला हटकता येत नाही. दुकानात आल्यावर गिऱ्हाईक पंख्याखाली किंवा कुलरसमोर थांबते आणि दुपट्टा सोडते. ती जागा शोधून तेथे ओळखीचा कॅमेरा रोखावा. दारावरचा कॅमेरा त्या काळात कपड्यांचा रंग, चाल, सोबतची माणसे आणि वाहन टिपण्यासाठी वापरावा.

सीताबर्डीसारख्या ठिकाणी ज्या दुकानांचे तोंड पश्चिमेला आहे, तेथे दुपारी चारनंतर दारातून थेट ऊन येते आणि आत येणारा माणूस चित्रात काळ्या आकृतीसारखा दिसतो. यासाठी डब्ल्यूडीआर ही सोय असलेला कॅमेरा घ्यावा. ही सोय दृश्यातील अतिउजेड आणि अंधार यांचा समतोल साधते. काही स्वस्त कॅमेऱ्यांत ती केवळ संगणकीय दुरुस्तीच्या स्वरूपात असते आणि फारशी उपयोगी पडत नाही, म्हणून "ट्रू डब्ल्यूडीआर" किंवा १२० डेसिबल असा उल्लेख मॉडेलच्या माहितीपत्रकात शोधावा. बसवणाऱ्याने सकाळी काम उरकले तरी पैसे देण्याआधी त्याच दिवशी दुपारी आणि रात्री चित्र पाहावे.

काचेच्या शोकेसमागे ठेवलेला कॅमेरा रात्री निकामी होतो, कारण अंधारात पाहण्यासाठी तो सोडत असलेला इन्फ्रारेड (डोळ्यांना न दिसणारा) प्रकाश काचेवर आदळून परत येतो आणि चित्र पांढरे पडते. वाहनाचा क्रमांक हवा असेल तर त्यासाठी वेगळा कॅमेरा लागतो. हेडलाइटच्या झोतात साधारण कॅमेऱ्याला नंबर प्लेट वाचता येत नाही.

यंत्रणा, तारा आणि नागपूरचे हवामान

चार ते आठ कॅमेऱ्यांच्या दुकानासाठी कोएक्सियल तारेवर चालणारी एचडी यंत्रणा आणि डीव्हीआर (तिचा रेकॉर्डर) पुरेशी आहे. ती स्वस्त असते आणि दुरुस्त करणारे कारागीर सहज मिळतात. मोठे गोदाम किंवा हिंगणा एमआयडीसीतील कारखाना असेल, तर आयपी कॅमेरे (संगणकासारखे नेटवर्कवर चालणारे) आणि एनव्हीआर (त्यांचा रेकॉर्डर) घ्यावा. त्यात वीज आणि चित्र एकाच नेटवर्क केबलमधून जातात, पण ही केबल एका टप्प्यात १०० मीटरपेक्षा लांब नेऊ नये. त्यापुढे मध्ये नेटवर्क स्विच बसवावा किंवा ऑप्टिकल फायबर टाकावे.

एचडी यंत्रणेत एक विशिष्ट बिघाड फार वेळा दिसतो. कॅमेरा दिवसभर व्यवस्थित चालतो आणि रात्री मात्र बंद-चालू होत राहतो किंवा चित्र लहरू लागते. मालक कॅमेरा बदलतो, तरी बिघाड तसाच राहतो. खरे कारण तारेत असते. रात्री इन्फ्रारेड दिवे लागले की कॅमेऱ्याला जास्त विद्युतप्रवाह लागतो. चित्र आणि वीज एकत्र नेणाऱ्या लांब आणि पातळ '३+१' केबलमधून येताना १२ व्होल्टचा दाब त्यामुळे आणखी घसरतो आणि कॅमेरा पुन्हा पुन्हा सुरू होऊ लागतो. तांब्याची जाड केबल वापरणे किंवा दूरच्या कॅमेऱ्यासाठी जवळच स्वतंत्र पॉवर सप्लाय बसवणे, हा यावरचा उपाय आहे. कोटेशनमध्ये केबल तांब्याची आहे की तांब्याचा मुलामा दिलेली आहे, हे लिहून घ्यावे. दोहोंच्या किमतीत मोठा फरक असतो आणि काम झाल्यावर तार भिंतीत गेली की ते पाहता येत नाही.

उन्हाळ्यात नागपूरचे तापमान ४५ अंशांच्या पुढे जाते आणि टिनाच्या पत्र्याखाली ते त्याहून बरेच जास्त असते. बहुतेक कॅमेऱ्यांची कमाल मर्यादा ५० ते ६० अंश असते. म्हणून बाहेरचा कॅमेरा थेट उन्हात न ठेवता छज्जाखाली, शक्यतो उत्तरेकडच्या भिंतीवर बसवावा आणि त्याला धूळ आणि पाणी यांपासून आयपी६६ किंवा आयपी६७ दर्जाचे संरक्षण असावे. रेकॉर्डर ही यंत्रणेतील सर्वांत नाजूक वस्तू आहे, कारण हार्ड डिस्क उष्णतेने लवकर खराब होते. माळ्यावर बंद लाकडी पेटीत रेकॉर्डर कोंबण्याची पद्धत सर्वत्र दिसते. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, त्या पेटीत हवा खेळत नाही आणि जूनमध्ये, पाऊस सुरू होताच, रेकॉर्डिंग कधीच थांबले आहे हे लक्षात येते.

रेकॉर्डर जमिनीलगतही ठेवू नये. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अवघ्या काही तासांत शंभर मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत व दुकानांत पाणी शिरले. तळघरात किंवा काउंटरखाली ठेवलेले कोणतेही यंत्र अशा पाण्यात वाचत नाही. रेकॉर्डर गल्ल्याजवळही नसावा. चोराच्या दृष्टीस पडेल अशा ठिकाणी असलेला डीव्हीआर तो उचलून नेतो आणि त्यासोबत सगळा पुरावाही जातो. मागच्या खोलीत, कंबरेच्या वर, जाळी असलेल्या कुलूपबंद लोखंडी पेटीत तो ठेवावा. गल्ला आणि दार या दोन महत्त्वाच्या कॅमेऱ्यांचे रेकॉर्डिंग दुसऱ्या जागी किंवा क्लाउडवरही जात राहील, अशी व्यवस्था करावी.

वीज गेली तरी रेकॉर्डर, राउटर आणि कॅमेऱ्यांचा पॉवर सप्लाय या तिन्हींना यूपीएसचा आधार हवा. केवळ रेकॉर्डर यूपीएसवर आणि कॅमेरे साध्या सॉकेटवर असतील, तर वीज गेल्यावर रिकामा पडदा रेकॉर्ड होत राहतो. अर्थिंग तपासून घेणे आणि बाहेरच्या तारांवर विजेचा अचानक वाढलेला दाब अडवणारा सर्ज प्रोटेक्टर बसवणे हा खर्च मान्सूनपूर्व वादळांच्या दिवसांत सार्थकी लागतो.

रेकॉर्डिंग किती दिवस ठेवावे

हा प्रश्न हार्ड डिस्कच्या आकाराचा आहे आणि त्याचा हिशेब सोपा आहे. दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा चित्रण लहान करून साठवण्याच्या एच.२६५ पद्धतीने सेकंदाला सुमारे २ मेगाबिट रेकॉर्ड करतो असे धरले, तर दिवसाला सुमारे २१.६ जीबी जागा लागते. आठ कॅमेऱ्यांना दिवसाला १७३ जीबी आणि तीस दिवसांना ५.२ टीबी. म्हणजे ६ टीबीची डिस्क महिनाभराला पुरते. जुन्या एच.२६४ पद्धतीत हाच आकडा जवळजवळ दुप्पट होतो. अनेक दुकानांत १ टीबीची डिस्क असते आणि आठ कॅमेऱ्यांचे रेकॉर्डिंग पाच-सहा दिवसांत पुसले जाते, तरीही मालक "महिन्याचे रेकॉर्डिंग आहे" असे मानून चालतो. हा समज खरा आहे का हे पाहण्यासाठी रेकॉर्डरच्या मेनूत जाऊन सर्वांत जुने उपलब्ध रेकॉर्डिंग कोणत्या तारखेचे आहे ते पाहावे.

तीस दिवस का, याचेही कारण आहे. मालाची तूट बहुधा महिन्याच्या अखेरीस साठा मोजताना कळते, व्यापाऱ्यांची खाती महिन्याला जुळवली जातात आणि बँकेतील वादही उशिरा उघडकीस येतात. ठोक व्यापार असेल तर पंचेचाळीस दिवस ठेवणे अधिक बरे. डिस्क घेताना चोवीस तास लिहिण्यासाठी बनवलेली, कॅमेरा यंत्रणेसाठीचीच डिस्क घ्यावी. संगणकातली साधी डिस्क स्वस्त पडते, पण ती सतत लिहिण्याच्या कामासाठी बनवलेली नसते.

काय घ्यावे आणि कोणाच्या हाती द्यावे

केंद्र सरकारच्या आदेशानुसार ९ एप्रिल २०२५ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सायबर सुरक्षेचे आवश्यक निकष लागू आहेत आणि त्यांची बीआयएसकडे (भारतीय मानक ब्यूरो) नोंदणी बंधनकारक आहे. कॅमेऱ्यावर किंवा खोक्यावर 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो आणि तो 'बीआयएस केअर' ॲपवर तपासता येतो. बिलावर मॉडेलचे पूर्ण नाव, अनुक्रमांक आणि वॉरंटीची मुदत लिहून घ्यावी. विनाबिल स्वस्त मिळणारा जुना साठा घेऊ नये, कारण त्याला पुढे सुरक्षेची सुधारणा मिळण्याची खात्री नसते.

पासवर्ड हा विषय अनेकांना क्षुल्लक वाटतो, म्हणून २०१६ ची घटना सांगणे आवश्यक आहे. त्या वर्षी 'मिराई' नावाच्या घातक प्रोग्रॅमने जगभरातील लाखो कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले. त्यांचे मालक कारखान्यातून आलेला मूळ पासवर्ड बदलायला विसरले होते, एवढेच त्याला पुरेसे होते. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांच्याद्वारे झालेल्या हल्ल्यामुळे अमेरिकेतील अनेक मोठी संकेतस्थळे काही तास बंद पडली. आपल्या दुकानाच्या बाबतीत धोका आणखी जवळचा आहे. सराफाच्या तिजोरीची जागा, रोकड कधी बाहेर पडते ती वेळ, दुकान बंद करण्याची सवय हे सर्व घरबसल्या पाहणारा अनोळखी माणूस चोरीची आखणी करू शकतो. म्हणून बसवणाऱ्याच्या समोरच पासवर्ड बदलावा, त्याच्या मोबाइलमधील ॲपमधून आपली यंत्रणा काढून टाकायला सांगावी आणि दुरुस्तीसाठी गरज पडेल तेव्हा तात्पुरते खाते द्यावे. राउटरमध्ये इंटरनेटवरून थेट प्रवेश देणारे पोर्ट (जोडणीचे मार्ग) उघडू नयेत. गिऱ्हाइकांना दिलेले वायफाय आणि कॅमेऱ्यांचे नेटवर्क वेगळे ठेवावे.

कोठे कॅमेरा नसावा

कपड्यांच्या दुकानातील ट्रायल रूम, स्वच्छतागृह आणि कर्मचाऱ्यांची कपडे बदलण्याची जागा येथे कॅमेरा कोणत्याही कारणाने नसावा. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ नुसार खासगी कृतीत असलेल्या स्त्रीला चोरून पाहणे किंवा तिचे चित्रण करणे हा गुन्हा आहे, तसेच माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ई हे कोणत्याही व्यक्तीच्या खासगी भागांच्या संमतीविना केलेल्या चित्रणाला लागू होते. ट्रायल रूमच्या दाराकडे रोखलेल्या कॅमेऱ्यात वरच्या फटीतून किंवा समोरच्या आरशातून आतले काही दिसते का, हे मालकाने स्वतः, तेथे उभे राहून तपासावे. हे काम कोणावर सोपवू नये.

दर्शनी भागात मराठी आणि हिंदीत फलक लावावा आणि त्यावर कॅमेरे असल्याचे व चौकशीसाठी कोणाला भेटावे हे लिहावे. कर्मचाऱ्यांना पहिल्याच दिवशी सांगावे. आवाजाचे रेकॉर्डिंग बहुतेक दुकानांना लागत नाही, तेव्हा ते बंद ठेवणे उत्तम. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ लक्षात घेता, कारणापुरतीच माहिती गोळा करावी आणि कारण संपल्यावर ती ठेवू नये, ही शिस्त आताच लावून घेतलेली बरी. शेजाऱ्यांच्या खिडकीकडे जाणारा भाग बहुतेक रेकॉर्डरमध्ये काळ्या पट्टीने झाकता येतो, तो झाकावा.

संशयिताचे फुटेज व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर टाकण्याची सवय अत्यंत घातक आहे. माणूस निर्दोष निघाला तर त्याची बदनामी परत घेता येत नाही आणि कायदेशीर जबाबदारी पाठवणाऱ्यावर येते. माणूस दोषी असेल, तर त्याला सावध होण्याची संधी मिळते. फुटेज पोलिसांना द्यावे, गटाला नव्हे.

देखभाल

दर महिन्याला ठरावीक तारखेला, आदल्या रात्रीचे आणि पंधरा दिवसांपूर्वीचे रेकॉर्डिंग प्रत्यक्ष चालवून पाहावे. चालू चित्र दिसते म्हणजे रेकॉर्डिंग होते, असे नाही. कॅमेऱ्याची काच मऊ कापडाने पुसावी. रात्री इन्फ्रारेड प्रकाशाकडे किडे येतात, किड्यांमागे कोळी येतात आणि काचेसमोर जाळे विणले जाते. अंधारात ते जाळे पांढरे चमकते, हलते आणि हालचालीचा इशारा देणाऱ्या यंत्रणेला रात्रभर चुकीच्या सूचना पाठवायला लावते. दोन-चार रात्री असे झाले की मालक सूचनाच बंद करतो आणि खरी सूचना त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. दिवाळीआधी माल आणि गर्दी दोन्ही वाढतात, तेव्हा लटकणाऱ्या झालरी आणि जाहिरातफलक कॅमेऱ्याच्या समोर येत नाहीत ना, हे आवर्जून पाहावे.

रेकॉर्डरचे घड्याळ इंटरनेटवरील वेळेशी आपोआप जुळेल अशी सेटिंग करावी. इंटरनेट नसेल तर महिन्याच्या तपासणीत ते मोबाइलच्या वेळेशी जुळवावे. वेळ काही मिनिटांनी चुकली, तरी संशयित त्या वेळी दुसऱ्या ठिकाणी असल्याचे दाखवणे त्याच्या वकिलाला सोपे जाते.

प्रसंग घडल्यावर

चोरी, मारामारी किंवा अपघात झाला की सर्वांत आधी रेकॉर्डिंग पुसले जाणार नाही याची काळजी घ्यावी. संबंधित काळाच्या आधीचा आणि नंतरचा किमान एक तास धरून त्याची प्रत मूळ स्वरूपात काढावी. पडद्यावरून मोबाइलने काढलेला व्हिडिओ ही प्रत नव्हे. रेकॉर्डरची वेळ आणि प्रत्यक्ष वेळ यांत फरक असेल, तर तो पडद्याचा फोटो काढून त्याच वेळी लिहून ठेवावा. गुन्हा गंभीर असेल आणि डिस्क लवकर भरणार असेल, तर ती काढून नवी बसवावी आणि मूळ डिस्क सीलबंद ठेवावी.

फुटेज न्यायालयात टिकणे हा कागदपत्रांचा विषय आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक प्रतीसोबत प्रमाणपत्र लागते. त्याचा पहिला भाग यंत्रणा ज्याच्या ताब्यात आहे त्याने आणि दुसरा भाग तज्ज्ञाने भरायचा असतो, आणि त्यात फाइलचे हॅश मूल्य नमूद करायचे असते. हॅश म्हणजे फाइलवरून संगणकाने काढलेला अंक-अक्षरांचा ठसा. फाइलमध्ये एक अक्षर जरी बदलले तरी तो बदलतो. आधीच्या कायद्यात कलम ६५बी होते, आणि जालना विधानसभा मतदारसंघाच्या २०१४ च्या निवडणुकीवरून निर्माण झालेल्या अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी असे प्रमाणपत्र आवश्यक असल्याचे स्पष्ट केले. तो वाद निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातील कॅमेरा रेकॉर्डिंगवरूनच होता. उलट बाजूनेही एक निकाल महत्त्वाचा आहे. वाराणसीतील एका हॉटेलमधील मृत्यूप्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये हॉटेलचे सीसीटीव्ही चित्रण सादर न केल्याबद्दल अभियोग पक्षाविरुद्ध प्रतिकूल अनुमान काढले, म्हणजे ते चित्रण त्याच्या विरोधात गेले असते असे मानले, आणि आरोपींना निर्दोष सोडले. म्हणजे फुटेज असणे जितके महत्त्वाचे, तितकेच ते वेळेत जपून योग्य ठिकाणी पोहोचवणेही महत्त्वाचे ठरते.

तपास अधिकारी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली फुटेज लेखी मागू शकतात. मागणी तोंडी असेल तर विनंतीचे पत्र द्यायला सांगावे. प्रत दोन पेनड्राइव्हवर काढून एक त्यांना द्यावा आणि दुसरा हॅश मूल्याच्या छापील नोंदीसह दुकानातील तिजोरीत ठेवावा. डीव्हीआर किंवा डिस्क जप्त केली जाणार असेल, तर पंचनाम्यात तिचा अनुक्रमांक लिहिला आहे का ते पाहून पंचनाम्याची प्रत घ्यावी. पेनड्राइव्ह दिला असेल, तर आपल्या पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर ठाण्याचा शिक्का, तारीख आणि अधिकाऱ्याची सही घेऊन ती विम्याच्या कागदांसोबत ठेवावी.